हाक कापलेलं गाणं

गाणं सुरू व्हायच्या आधी एक हाक होती. ढोल नाही, गिटार नाही, मागे साधी वाऱ्याची झुळूकही नाही. रिकाम्या स्टेशनात उभं राहून पल्याडच्या फलाटावर मारावी, तशी एका बाईच्या गळ्यातली नुसती हाक. ‘आ’ खालच्या सुरात, श्वास पुरेल तोवर धरून ठेवलेला, आणि मग ‘इ’ एकदम वर, फांदी हलवून पाखरू उडावं तसा. त्यानंतर गिटार कोसळायची आणि गाणं आपल्या वाटेला लागायचं.

‘आइ नो नाइ एकी’ असं त्याचं नाव. नुकेमिची नावाच्या जपानी जोडीचं गाणं. गाणारी मिओ, गिटारवाला ताकुमी. जपानीत ‘आइ’ म्हणजे प्रेम, तेव्हा प्रेम नसलेलं स्टेशन असा सरळ अर्थ. तिकडे ते शाळकरी पोरांच्याही तोंडी बसलं होतं. आता ते विलायतेत रिलीज व्हायचं होतं, आणि इथल्या रेडिओवाल्यांच्या गळी उतरवायचं काम अनुयाकडे आलं होतं. लंडनमधल्या एका छोट्याशा कंपनीत ती हेच करायची. लग्न जमवणाऱ्या बायका मुलीची माहिती घेऊन घरोघर फिरतात, तशी ती नवी गाणी घेऊन रेडिओ स्टेशनांच्या पायऱ्या झिजवायची.

‘‘आय नो म्हणतेय ना ही?’’ पहिल्यांदा ऐकताना तिचा बॉस डंकन म्हणाला होता. ‘‘काय माहितीय हिला एवढं? मलाही सांगा म्हणावं.’’

सगळे हसले. अनुया हसली नाही. एकच आवाज, जपान्याला त्यात प्रेम ऐकू यावं, इंग्रजाला ‘मला माहीत आहे’, आणि तिला... तिला लेस्टरच्या घराचं लोखंडी फाटक ऐकू आलं. फाटक करकरायचं, सायकल भिंतीला टेकायची, आणि तिचा दादा परीक्षित अंगणातूनच ओरडायचा: आऽऽऽई! असाच. आधी खाली, मग वर.

दादा सांगलीत जन्मलेला. शाळेत जायच्या वयाचा होऊन इंग्लंडला आला, तो तोंडात ‘आई’ घेऊनच. अनुया इथली. नर्सरीतून ती ‘मम’ घेऊन घरी आली आणि तेच राहिलं. वीणाताईंनी, तिच्या आईनं, त्याची थट्टाच केली. ‘‘मम काय मम! पोरगी मला हाक मारते की मंमं मागते, तेच कळत नाही मला. वाढून ठेवते आधी, मग विचारते.’’ तिच्या मराठीवरही वीणाताईंचं बारीक लक्ष. ‘माझा ट्रेन’ म्हटलं की चुलीतून उडालेल्या ठिणगीसारखं येणारच: ‘‘माझी. ट्रेन ती गं, तो नव्हे.’’

पुढे एका धुक्याच्या सकाळी मोटरवेवर दादाच्या गाडीला अपघात झाला, दादा गेला. वीस-एकवीस वर्षांचं पोर. त्यानंतर त्या घरात ‘आई’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. उच्चारायला होतंच कोण? बाबा ‘अगं’ म्हणत, अनुया ‘मम’ म्हणे. पुढे बाबाही गेले.

‘‘ही सुरुवातीची ओरड कापायला हवी,’’ डंकन म्हणाला. ‘‘रेडिओसाठी छोटं व्हर्जन करू. गिटारपासून सुरू. एवढा वेळ नुसती बाई ओरडली तर लोकांना वाटेल आपला सेट बिघडला.’’

‘‘हाक म्हणजेच गाणं आहे, डंकन. ती काढलीस तर नुसतं स्टेशन उरतं.’’

‘‘तुला बरी एवढी खात्री?’’

‘‘आय नो,’’ अनुया म्हणाली, आणि या वेळी सगळ्यांबरोबर तीही हसली. हाक राहिली. तशीच्या तशी रेडिओवर गेली.

वीणाताई आता लेस्टरमध्येच, बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीतल्या एका केअर होममध्ये होत्या. विसराळूपणा आधी किल्ल्यांचा होता, मग रस्त्यांचा झाला, मग माणसांचा. दिवाळीपासून तर शब्दच संपले होते. भरवलं तर खायच्या, उठवलं तर उठायच्या. अनुया शनिवारी लंडनमधल्या ईलिंगहून निघून ट्रेननं जायची, समोर बसायची, केसांना तेल लावायची, आणि एक शब्दही न ऐकता परत यायची. सवयीनं बोलत मात्र राहायची. ‘‘मम, माझा ट्रेन लेट झाला.’’ वाट बघायची. काही यायचं नाही.

होममध्ये हंसाबेन नावाच्या गुजराती बाई होत्या, वीणाताईंना ‘बा’ म्हणणाऱ्या. गाणं रेडिओवर लागायला लागलं त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. ‘‘काय झालं?’’ अनुयानं फोन उचलताच विचारलं.

‘‘अरे, घाबरू नको! बा बोलल्या! सकाळी लाउंजमधे रेडिओ चालू होता, कुणीतरी ओरडलं त्यात, आणि बा खुर्चीतून उठून उभ्या! काय म्हणाल्या माहिती आहे? म्हणे, ‘आले रे.’ मी म्हटलं, बा, कोण आलं? तर मलाच बोलल्या, ‘सरक गं, मधे काय उभी राहतेस.’ शिव्या खाल्ल्या मी, पण काय सांगू, गोड लागल्या.’’

शनिवारपर्यंत अनुयाला दम निघाला नाही. गाणं कधी लागणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? दुपारच्या कार्यक्रमात आहे हे बघूनच ती लेस्टरला पोचली. लाउंजमध्ये टीव्ही मुका चालू होता, खिडकीवरच्या रेडिओत निवेदक काहीबाही बडबडत होता. वीणाताई कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर हात उताणे ठेवून.

आणि हाक आली. आऽऽऽ...

‘इ’ वर चढायच्या आतच वीणाताईंची मान वळली. पडदा सरकावा तसे डोळे उघडले. खुर्चीचा हात धरून त्या उठल्या, बोटं फाकवून हात अंगापासून दूर धरले, जणू कोपरापर्यंत कणकेत भरलेत.

‘‘आले रे परी, आले. हात भरलेत माझे.’’ आणि मग, मान वळवून, थेट तिच्याकडे बघत: ‘‘अनू, उभी काय राहिलीस गं? दार उघड ना, दादा आलाय.’’

अनू. किती दिवसांनी, किती महिन्यांनी. ‘‘उघडते मम,’’ ती कशीबशी म्हणाली. ‘‘मी आत्ताच आले. माझा ट्रेन लेट झाला.’’

‘‘माझी,’’ वीणाताई म्हणाल्या. ‘‘माझी ट्रेन. इतकी मोठी झालीस.’’

गाणं संपलं, जाहिरात लागली, आणि वीणाताई हळूहळू खुर्चीत विरघळल्या. पण तेवढं पुरे होतं. परतीच्या प्रवासात अनुया खिडकीला डोकं टेकून हसत होती आणि रडत होती. समोरच्या बाईनं तिला टिशू देऊ केला.

त्यानंतर तिनं गाण्यासाठी जिवाचं रान केलं. डंकनला वाटलं, पोरीच्या अंगात आलंय. मँचेस्टर, ग्लासगो, कार्डिफ, जिथे जिथे दार किलकिलं दिसलं तिथे तिनं पाय घातला. मोठ्या स्टेशनांच्या संगीत निवडणाऱ्यांना कॉफ्या पाजल्या. ज्यांनी ‘पाहू’ म्हटलं त्यांना पुन्हा फोन केले. कुणाला खरं कारण सांगितलं नाही. बाजार तिचा होता, पण नवस आईसाठी होता. जितक्यांदा गाणं वाजेल तितक्यांदा हाक जाईल, आणि जितक्यांदा हाक जाईल तितक्यांदा आई उठेल. एवढाच तिचा हिशेब.

गाणं वाजायला लागलं. सकाळी वाजलं, दुपारी वाजलं, चहाच्या वेळी वाजलं. टॅक्सीत, न्हाव्याकडे, सुपरमार्केटच्या रांगेत. केअर होममध्ये लाउंजच्या रेडिओवर, स्वयंपाकघरातल्या रेडिओवर, शेजारच्या खोलीतल्या आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर.

आणि दर वेळी वीणाताई उठायच्या.

पहिल्या दिवसांत होममधल्यांना कौतुक होतं. म्हातारी जागी झाली. त्या जुन्या ओव्याही म्हणायला लागल्या. सांगलीकडच्या त्यांच्या आईनं जात्यावर म्हटलेल्या, आणि काही स्वतःच्या, लेस्टरच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या घरघरीत रचलेल्या. त्यातली एक हंसाबेननं फोनवर रेकॉर्ड करून अनुयाला पाठवली:

राघू माझा हाक देतो, दारामंदी येता येता
मैना येते मुकी मुकी, ओ मी देऊ कुना आता?

अनुयानं ती ऑफिसच्या जिन्यात उभं राहून ऐकली. राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे मुलगी, एवढं तिला ठाऊक होतं. तिनं फोन खिशात ठेवला, मग पुन्हा काढला, पुन्हा ऐकली.

पण दाराशी राघू काही येत नव्हता. हाक झाली की गिटार कोसळायची आणि वीणाताई दाराशी एकट्या उभ्या राहायच्या. आधी नुसत्या थांबायच्या. मग विचारायला लागल्या, ‘‘आत्ता तर हाक मारली. गेला कुठे?’’ मग अंगणात जायला बघू लागल्या. दाराला कुलपाचं बटण होतं, ते दाबून दाबून बोटं लाल व्हायची. जेवण अर्ध्यावर टाकून उठायच्या. चेहरा सुकला. ‘‘बाहेर थंडी आहे हो,’’ दिसेल त्याला सांगायच्या, ‘‘माझा मुलगा बाहेर उभा आहे, कुणी दार उघडत नाही.’’

‘‘आम्ही रेडिओ बंद ठेवतो,’’ हंसाबेन म्हणाल्या. ‘‘पण कुणाकुणाचा ठेवणार, बेटा? बाकीच्यांचीही घरं आहेत ना ही. आणि आता तर टीव्हीवर पण येतं तुझं गाणं.’’

तुझं गाणं. अनुयाला तो शब्द लागला.

फेब्रुवारीच्या शेवटी वीणाताई पडल्या. घाईनं उठल्या, पाय खुर्चीच्या पायात अडकला. मनगट मोडलं, कपाळाला खोक पडली. अनुया हॉस्पिटलात पोचली तेव्हा त्या पांढऱ्या चादरीखाली इवल्याशा दिसत होत्या. कॉरिडॉरमधून कुणी तरुण नर्स ते गाणं गुणगुणत गेली. नुसती गुणगुणत. तरी वीणाताईंनी प्लास्टरचा हात टेकून उठायची धडपड केली.

‘‘नीज, मम,’’ अनुया म्हणाली. ‘‘नाहीये कुणी.’’

‘‘तू जाऊन बघितलंस?’’

‘‘हो.’’

‘‘खोटारडी,’’ वीणाताई म्हणाल्या. ‘‘अनू, तू लहानपणापासून खोटारडी.’’ आणि रडायला लागल्या.

त्याच आठवड्यात नुकेमिची लंडनला आले होते, मुलाखती द्यायला. आणि सगळ्यात मोठ्या स्टेशननं डंकनला पुन्हा सुचवलं होतं: छोटं व्हर्जन द्या, गिटारपासून सुरू होणारं, सकाळच्या मुख्य कार्यक्रमात रोज घेऊ. डंकन अनुयाकडे बघत होता, ती आता भांडेल म्हणून. ती म्हणाली, ‘‘कापू या. जुनं सगळीकडून मागे घेऊ. टीव्हीवरूनही.’’

‘‘तूच ना ती?’’ डंकन म्हणाला. ‘‘हाक म्हणजेच गाणं आहे वाली?’’

‘‘मीच ती.’’

मिओची परवानगी लागणार होती. रेडिओ स्टेशनच्या बाहेरच्या खोलीत मिओ कागदी कपातला चहा दोन्ही हातांत धरून बसली होती. रेकॉर्डमधला तो आभाळाएवढा आवाज या लहानखुऱ्या बाईत कुठे मावतो, कोण जाणे. तिचं इंग्रजी हळू, एकेक शब्द पानात वाढल्यासारखं.

‘‘तू मेल लिहिलीस,’’ मिओ म्हणाली, ‘‘की हाक म्हणजेच गाणं. मी ती मेल आईला वाचून दाखवली.’’

अनुयाला काहीतरी धंद्याचं बोलायचं होतं. तोंडातून दुसरंच आलं. ‘‘माझ्या भाषेत या शब्दाचा अर्थ आई. तू गातेस, आणि माझ्या आईला वाटतं तिचा मुलगा दारात आलाय. तो नाहीये. ती दर वेळी उठते. पडली.’’

मिओनं कप खाली ठेवला. ‘‘मग तुमच्या भाषेत ते आई नसलेलं स्टेशन.’’

‘‘हो.’’

‘‘सॉरी.’’

‘‘तू कशाला सॉरी?’’

‘‘मी जपानी आहे, आम्ही सारखे सॉरी म्हणतो. आणि आता तर इंग्लंडमध्ये आहे. डबल सॉरी.’’ मिओ किंचित हसली, मग हसू पुसून टाकलं. ‘‘कापा. ताकुमीला मी सांगते. पण एकदा छोटं केलं की लोक त्यालाच गाणं म्हणतात. परत लांब करता येत नाही.’’

‘‘चालेल,’’ अनुया म्हणाली.

हाक कापली गेली. जुनं सगळीकडून मागे घेतलं गेलं. गाणं गिटारपासून सुरू व्हायला लागलं, आणि पेटलं. वणव्यासारखं. सकाळी वाजताच लोक त्याची शीळ घालायचे. लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते चढत चढत गेलं. ऑफिसात शॅम्पेनच्या बाटल्या उघडल्या, डंकननं अनुयाला सगळ्यांसमोर मिठी मारली. ‘‘कुणी एकानं तरी विचारलं का, ओरड कुठे गेली म्हणून?’’ तो म्हणाला. ‘‘एकानंही नाही!’’

एकीनं विचारलं असतं. पण तिला शब्द राहिले नव्हते.

पहिल्या शनिवारी अनुयाला हायसं वाटलं. लाउंजमध्ये गाणं लागलं, गिटार कोसळली, आणि वीणाताई बसून राहिल्या. प्लास्टरचा हात मांडीवर, कपाळावरची खोक भरत आलेली. जेवल्या. झोपल्या. दुसऱ्या शनिवारी तिच्या ध्यानात आलं, की वीणाताई खुर्ची दाराकडे वळवून मागतात. तोंडानं नाही, नुसतं अंग तिकडे वळवून. वाट बघतात. रेडिओ बडबडतो, गाण्यांमागून गाणी जातात, त्यात तेही गाणं जातं, बिनहाकेचं. ओळखीच्या घरावरून बस न थांबता निघून जावी तसं. तिसऱ्या शनिवारी त्यांनी तिकडे वळायचंही सोडलं.

ओव्या थांबल्या. शिव्या थांबल्या. ‘‘मम, माझा ट्रेन लेट झाला,’’ अनुया दर खेपेला सांगायची, आणि वीणाताई तिच्या तोंडाकडे बघायच्या, पावसात भिजलेल्या परक्या बाईकडे बघावं तशा, दयेनं.

वसंत आला, बागेत डॅफोडिल फुलली आणि मानाही टाकू लागली. गाणंही उतरलं. हिट झालेल्या गाण्याचं आयुष्य तेवढंच; त्याच्या जागी दुसरं आलं, अनुयाच्याच हातून गेलेलं. नुकेमिची जपानला परतले.

मग एका शनिवारी तिला राहवलं नाही. हंसाबेनना सांगून तिनं वीणाताईंच्या दोन्ही बाजूंना उशा लावल्या, पुढ्यात स्वतः बसली, हात धरले, आणि फोनवर जुनं, पूर्ण गाणं लावलं.

आऽऽऽइ.

वीणाताईंनी फोनकडे बघितलं. त्या चौकोनी काळ्या काचेत कुणी दारात उभं असेल, हे त्यांना पटण्यासारखं नव्हतं. हाक दाराकडून यायला हवी. अनुयानं पुन्हा लावलं. पुन्हा. वीणाताईंनी हात सोडवून घेतला आणि पदर सारखा केल्यासारखा कार्डिगन सारखा केला.

अनुया उठली. लाउंजमधून बाहेर गेली, कॉरिडॉर ओलांडून पार पुढच्या दारापाशी, जिथे ओले कोट टांगलेले असतात. तिथे भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आयुष्यात हा शब्द तिनं हाकेसारखा कधी वापरला नव्हता. तिनं श्वास घेतला.

‘‘आऽऽऽई!’’

वाकडाच निघाला. ‘आ’ इंग्रजी शाळेतला, आणि ‘ई’ वर चढताना फाटला. दादासारखा नाही, मिओसारखा तर नाहीच. कोटांनी अर्धा पिऊन टाकला. तरी तिनं पुन्हा मारली, आणखी जोरात. कुठलंसं दार उघडून कुणी म्हातारं डोकावलं. हंसाबेन ट्रॉली तशीच सोडून धावत आल्या, आणि तिला बघून जागच्या जागी थांबल्या, तोंडावर हात धरून.

लाउंजमधून आवाज आला. वीणाताईंचा. कोरडा, गंजलेला, पण त्यांचाच. अनुया पळत गेली.

वीणाताई दाराकडे बघत होत्या. तिला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला.

‘‘बसा हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमची आई सापडत नाहीये का?’’

अनुया बसली. ‘‘नाही,’’ ती म्हणाली.

‘‘येईल. ओ दिली असेल तिनं. लांबून ऐकू येत नाही कधी कधी.’’ वीणाताईंनी प्लास्टर काढलेला, सुकून बारीक झालेला हात तिच्या हातावर ठेवला. ‘‘चांगली हाक मारता तुम्ही. माझी मुलगी नाही मारत. मुकीच येते.’’

हंसाबेन दाराशीच उभ्या राहिल्या. रेडिओवर नवं गाणं चालू होतं. अनुयानं घसा साफ केला, आणि मुद्दाम, एकेक शब्द स्पष्ट करून म्हणाली:

‘‘मला निघायला हवं. माझा ट्रेन आहे.’’

आणि थांबली.

‘‘हो का?’’ वीणाताई म्हणाल्या. ‘‘जपून जा हं.’’